कुबड्यांवरचा गीतकार : डॉक पोमस



या पानावर आम्ही सहसा संत, समाजसुधारक, शास्त्रज्ञ आणि खेळाडू यांची चरित्रे देतो. या वेळी एका गीतकाराचे चरित्र देत आहोत. ते आपल्या देशातले नाहीत आणि आपल्या भाषेतलेही नाहीत. अमेरिकेत ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ नावाचे संगीत बहरत होते, त्या पहिल्या काळात त्यांनी लेखणी हाती धरली. त्यांच्या गाण्यांवर जगभरची तरुण मंडळी नाचली. त्यांना स्वतःला मात्र जाणत्या वयात एकदाही नाचता आले नाही. त्यांचे नाव डॉक पोमस. मुलांनी हे चरित्र वाचावे, पालकांनी वाचावे, आणि शाळेच्या विश्वस्तांनीही शेवटपर्यंत वाचावे अशी आमची इच्छा आहे. तसे का, ते शेवटी कळेल.

ब्रुकलिनचा जेरोम

डॉक पोमस हे त्यांचे खरे नाव नव्हते. २७ जून १९२५ रोजी न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात एका ज्यू कुटुंबात ते जन्मले. आईवडिलांनी नाव ठेवले जेरोम सोलोन फेल्डर. वडील वकील होते. मुलाने शिकून मोठे व्हावे, चार लोकांत मान मिळवावा, ही कोणत्याही आईवडिलांची असते तीच अपेक्षा त्यांचीही होती.

जेरोम सहा-सात वर्षांचा असताना त्याला पोलिओ झाला. आजच्या मुलांना हा रोग फक्त ‘दोन थेंबां’च्या जाहिरातीतून माहीत आहे. पोलिओचा विषाणू दूषित पाणी आणि अन्न यांतून पोटात जातो. बहुतेकांना त्याचा फारसा त्रास होत नाही. काही थोड्या जणांत मात्र तो पाठीच्या कण्यातील मज्जापेशींपर्यंत पोचतो. स्नायूंना हालचालीची आज्ञा देणाऱ्या याच पेशी असतात. त्या मेल्या की स्नायू लुळे पडतात आणि हळूहळू वाळत जातात. त्यावर तेव्हाही औषध नव्हते आणि आजही नाही. उपाय एकच, तो म्हणजे आधीच लस घेणे. डॉ. जोनास साल्क यांची लस १९५५ मध्ये आली. जेरोमला तिचा उपयोग होणे शक्यच नव्हते. आपल्या भागाला तर पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र २७ मार्च २०१४ रोजी मिळाले. आपल्या आजी-आजोबांना विचारा. त्यांच्या वर्गात किंवा वाड्यात पायाला लोखंडी पट्ट्या लावून चालणारे एखादे मूल हमखास असे.

जेरोमच्याही पायांना पट्ट्या लागल्या आणि काखेत कुबड्या आल्या. बाकीची मुले रस्त्यावर चेंडू खेळत, तेव्हा तो घरात बसून असे. पुस्तके आणि रेडिओ हेच त्याचे सोबती झाले.

एका रेकॉर्डने दाखवलेली वाट

जेरोम पंधरा-सोळा वर्षांचा असेल. बिग जो टर्नर नावाच्या गायकाची एक रेकॉर्ड त्याच्या कानावर पडली. टर्नर हे कॅन्सस सिटीचे कृष्णवर्णीय गायक होते. धिप्पाड देह आणि खणखणीत आवाज. ध्वनिक्षेपक नसला तरी सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत त्यांचा आवाज पोचे. ते गात ते ब्लूज.

ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय लोकांचे गाणे. गुलामगिरी कायद्याने संपली तरी कष्ट आणि अपमान संपले नव्हते. त्या कष्टातून हे साधे, थेट, दुःखाला तोंड देणारे गाणे जन्मले. पुढे लाखो लोक पोटासाठी उत्तरेतल्या शहरांत गेले आणि गाणेही त्यांच्याबरोबर गेले. तिथे त्याला ड्रम, सॅक्सोफोन आणि विजेवर चालणारी गिटार यांची साथ मिळाली. लय वाढली, लोक त्यावर नाचू लागले. अशा रेकॉर्डना व्यापारी लोक तोपर्यंत ‘रेस’ म्हणजे वंशाच्या नावाने ओळखत. हे नाव अपमानकारक होते. १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ या संगीत-व्यवसायाच्या साप्ताहिकाने ते बदलले आणि ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ असे नवे नाव दिले. हे नाव सुचवणारे पत्रकार होते जेरी वेक्सलर.

एका गोऱ्या, ज्यू, अपंग मुलाला हे गाणे आपले वाटले. ज्यांना समाजाने दाराबाहेर उभे केले त्यांचे दुःख त्याला परके वाटले नाही. साधारण १९४३ च्या सुमारास, अठराव्या वर्षी, तो ग्रेनिच व्हिलेजमधील एका छोट्या क्लबमध्ये गाणे ऐकायला गेला. तिथली एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. एकच पेय मागवून बराच वेळ बसलेल्या या मुलाला मालकाने हटकले आणि इथे काय काम आहे, असे विचारले. मुलाने थाप मारली, की मी ब्लूज गायक आहे. मालक म्हणाला, मग गा. आणि तो कुबड्या सावरत उभा राहिला आणि गायला. थाप खरी झाली! घरच्यांना कळू नये म्हणून त्याने नाव बदलले. जेरोम फेल्डरचा डॉक पोमस झाला.

पुढची दहा-बारा वर्षे ते क्लबांतून गात राहिले. श्रोते बहुतेक कृष्णवर्णीय असत. कुबड्यांवर उभा राहून गाणारा हा गोरा तरुण त्यांनी मनापासून स्वीकारला. त्यांच्या रेकॉर्डही निघाल्या. पण गायक म्हणून मोठे यश मिळाले नाही. १९५५ च्या सुमारास त्यांची एक रेकॉर्ड रेडिओवर गाजू लागली होती. एका मोठ्या कंपनीने तिचे हक्क विकत घेतले आणि ती तशीच फडताळात ठेवून दिली. वय तिशीला आले होते. डॉक पोमस यांनी ओळखले की रंगमंच आपला होणार नाही.

दुसऱ्यांच्या गळ्यासाठी

इथे पुष्कळ माणसे थांबतात. डॉक पोमस यांनी काय केले? आपल्या मनातले गाणे त्यांनी दुसऱ्यांच्या गळ्यात घातले. ज्यांची रेकॉर्ड ऐकून वेड लागले होते, त्या बिग जो टर्नर यांच्यासाठीच त्यांनी गाणी लिहिली. १९५६ मध्ये रे चार्ल्स यांनी त्यांचे ‘लोनली ॲव्हेन्यू’ हे गाणे गायले. रे चार्ल्स लहानपणीच आंधळे झालेले. न चालणाऱ्याने लिहिले आणि न दिसणाऱ्याने गायले, आणि ते गाणे देशभर गाजले.

१९५७ मध्ये त्यांचे विली बर्क या अभिनेत्रीशी लग्न झाले. तेव्हाची एक हकिकत आहे. नवे जोडपे प्रवासाला निघाले होते, खिशात पैसे जेमतेम होते. वाटेत एका उपाहारगृहात थांबले. तिथे नाणे टाकले की रेकॉर्ड वाजवणारे यंत्र होते. त्यावरच्या यादीत ‘यंग ब्लड’ हे नाव दिसले. हे गाणे त्यांनी कच्चे लिहून लीबर आणि स्टोलर या गीतकार-संगीतकार जोडीकडे दिले होते आणि पुढे त्याचे काय झाले हे त्यांना ठाऊकच नव्हते. लीबर-स्टोलर यांनी ते नव्याने बांधून ‘द कोस्टर्स’ या मंडळींकडून गाऊन घेतले होते. डॉक पोमस यांनी कंपनीला दूरध्वनी केला आणि त्यांना आगाऊ पैसे मिळाले. ते गाणे त्या वर्षी ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. गीतकार म्हणून पोट भरू शकते हे तेव्हा त्यांना पटले.

याच सुमारास मॉर्ट शुमन नावाचा एक तरुण त्यांच्याकडे येऊ लागला. पियानो उत्तम वाजवणारा, वयाने बराच लहान. नव्या पिढीला काय आवडते हे त्याला बरोबर कळे. सुरुवातीला तो नुसता शेजारी बसून शिके आणि डॉक पोमस त्याला उत्पन्नातला लहानसा वाटा देत. तो तयार झाला तसा त्यांनी वाटा वाढवत नेला आणि शेवटी निम्मे-निम्मे केले. नव्या माणसाला शिकवणे आणि तो बरोबरीला आल्यावर बरोबरीचा वाटा देणे, या दोन्ही गोष्टी त्यांनी केल्या. बहुतेक वेळा शब्द पोमस यांचे आणि चाल शुमन यांची असे. ब्रॉडवे रस्त्यावर ‘ब्रिल बिल्डिंग’ नावाची इमारत होती. तिथे संगीत-प्रकाशकांच्या लहान लहान खोल्या होत्या आणि प्रत्येक खोलीत एक पियानो. कारखान्यात पाळी भरावी तसे गीतकार सकाळी येत आणि गाणी लिहीत. ‘अ टीनएजर इन लव्ह’ (१९५९), ‘धिस मॅजिक मोमेंट’ (१९६०), ‘स्वीट्स फॉर माय स्वीट’ (१९६१) ही या जोडीची गाणी घरोघरी पोचली. एल्व्हिस प्रेस्ली यांनीही त्यांची अनेक गाणी गायली. त्यांपैकी ‘सरेंडर’ १९६१ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते.

लग्नाच्या पत्रिकेमागचे गाणे

त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध गाण्याचे नाव आहे ‘सेव्ह द लास्ट डान्स फॉर मी’. शेवटचा नाच माझ्यासाठी राखून ठेव, असा त्याचा अर्थ. वर्ष १९६०. शुमन यांनी लॅटिन अमेरिकन ठेक्याची एक चाल बांधली होती आणि तिला शब्द हवे होते. रात्री घरी बसलेल्या डॉक पोमस यांना स्वतःच्या लग्नाचा दिवस आठवला. त्यांच्याकडे लग्नात वधू-वरांनी नाचायची रीत असते. नवरदेवाला नाचता येत नव्हते. त्यांनी नव्या नवरीला सांगितले की तू नाच, मनसोक्त नाच. ती त्यांच्या भावाबरोबर आणि इतर पाहुण्यांबरोबर नाचली. नवरदेव खुर्चीवर बसून पाहत राहिले. हे आठवून त्यांनी लग्नाच्या एका निमंत्रणपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते गाणे लिहिले.

गाण्यातला माणूस आपल्या प्रियेला सांगतो की तू हव्या त्याच्याबरोबर नाच, हस, आनंद कर. फक्त घरी माझ्याबरोबर जायचे आहे हे विसरू नकोस. तो नाचू शकत नाही, असे गाण्यात कुठेही म्हटलेले नाही. दया मागितलेली नाही. मनात हेवा आहे, भीतीही आहे, पण ती त्याने आवरली आहे. ऐकणाऱ्याला ते एक आनंदी नाचगाणे वाटते. ज्याला मागची हकिकत ठाऊक आहे, त्याच्या डोळ्यांत मात्र पाणी येते.

‘द ड्रिफ्टर्स’ या कृष्णवर्णीय गायकांच्या संचाने ते ध्वनिमुद्रित केले. मुख्य आवाज बेन ई. किंग यांचा होता. ध्वनिमुद्रणापूर्वी अटलांटिक कंपनीचे प्रमुख अहमत एर्टेगन यांनी किंग यांना या गाण्याची जन्मकथा सांगितली आणि किंग यांना गहिवरून आले, असे सांगतात. ऑक्टोबर १९६० मध्ये ते गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले.

अर्ध्या सेंटचा हिशेब

पालकांपैकी कोणाला वाटेल, मग तर हे गृहस्थ कोट्यधीश झाले असतील. थोडा हिशेब करू. अमेरिकेत १९०९ च्या कायद्याने रेकॉर्डवरील गाण्यामागे दोन सेंट हा दर ठरवला होता आणि १९७७ अखेरपर्यंत तो तेवढाच राहिला. रिवाजाप्रमाणे त्यातले निम्मे प्रकाशकाचे. उरला एक सेंट. गीतकार आणि संगीतकार असे दोघे असतील तर प्रत्येकी अर्धा सेंट. म्हणजे दहा लाख रेकॉर्ड खपल्या तर एकाच्या हाती पाच हजार डॉलर. आणि हे हिशेब चोख असतील तेव्हा. अनेक कृष्णवर्णीय गायकांना आणि गीतकारांना तेवढेही मिळत नसे. कोणी अडचणीत असताना थोड्या रकमेवर हक्क सोडून दिले. कोणाच्या गाण्यावर भलत्याचेच नाव लागले.

आपल्याकडे आकाशवाणीवर भावगीत लागले की निवेदक गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे सांगत. ही रीत साधी दिसते, पण तिच्यात मोठा न्याय आहे. श्रमाचे नाव घेतले गेले की पुढे त्याचे मोलही मागता येते.

पडझड

चरित्र लिहिताना फक्त यश सांगणे आम्हांला योग्य वाटत नाही. १९६५ च्या सुमारास डॉक पोमस यांच्यावर संकटे एकदम कोसळली. पडून पायाला दुखापत झाली आणि त्यानंतर कुबड्यांचाही आधार पुरेना. उरलेले आयुष्य त्यांनी चाकाच्या खुर्चीत काढले. संसार मोडला. शुमन युरोपला निघून गेले. गायक आता आपली गाणी आपणच लिहू लागले होते, त्यामुळे बाहेरच्या गीतकारांची मागणी घटली.

त्यांनी लिहिणे जवळजवळ थांबवले आणि पत्त्यांच्या जुगारावर गुजराण सुरू केली. रात्र रात्र डाव चालत. घरी येणारी माणसे भली असतच असे नाही. सुमारे दहा वर्षे अशी गेली. इतकी सुंदर गाणी लिहिणारा माणूस अशा मार्गाला लागला हे वाचून वाईट वाटते. पण माणूस पडतो, हेही खरे आहे.

पुन्हा लेखणी

१९७० च्या दशकात ते पुन्हा लिहू लागले. न्यू ऑर्लीन्सचे पियानोवादक डॉक्टर जॉन यांच्याशी त्यांची जोडी जमली. या वेळची गाणी वयाने पिकलेली होती. तरुणांच्या प्रेमापेक्षा एकटेपण, पश्चात्ताप आणि तरीही न सुटलेली आशा यांविषयी ती बोलत होती. दोघांनी लिहिलेले ‘देअर मस्ट बी अ बेटर वर्ल्ड समव्हेअर’ हे गाणे ब्लूजचे थोर गायक बी. बी. किंग यांनी गायले. १९८१ च्या त्याच नावाच्या संग्रहाला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

स्वतःचे बरे चालले असताना त्यांनी मागे राहिलेल्यांकडे पाहिले. ज्यांच्या आवाजाने त्यांना वाट दाखवली होती ते बिग जो टर्नर आता म्हातारे आणि आजारी होते. डॉक पोमस यांनी त्यांच्यासाठी १९८३ चा ‘ब्लूज ट्रेन’ हा संग्रह निर्माण करण्यात पुढाकार घेतला. जुन्या कलावंतांना हक्काचे पैसे मिळावेत म्हणून ते सतत धडपडत. कोणाचे घरभाडे थकले, कोणाला औषधाला पैसे नाहीत, असे कळले की या चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचे दूरध्वनी सुरू होत. तरुण गीतकारांना ते आपल्या घरी शिकवतही असत.

एक पत्र आणि एक अंत्यविधी

शेवटची गोष्ट जिमी स्कॉट या गायकाची. एका आनुवंशिक विकारामुळे स्कॉट यांचा आवाज लहान मुलासारखा उंचच राहिला होता. तो आवाज विलक्षण होता, पण करारांच्या भांडणात त्यांच्या रेकॉर्ड बाजारातून मागे घेतल्या गेल्या. ते आपल्या क्लीव्हलँड गावी परतले आणि साध्या नोकऱ्या करून राहिले. लोक त्यांना विसरले. डॉक पोमस विसरले नाहीत. त्यांनी ‘बिलबोर्ड’ला खरमरीत पत्र लिहिले. एवढा मोठा गायक जिवंत असताना त्याला कोणी काम देत नाही, आणि उद्या तो गेला की सगळे त्याचे गुणगान करायला जमतील, असा त्या पत्राचा रोख होता. पत्राने लगेच काही घडले नाही.

१४ मार्च १९९१ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने डॉक पोमस यांचे निधन झाले. वय पासष्ट. अंत्यविधीला संगीतक्षेत्रातली मोठी मंडळी जमली होती. तिथे जिमी स्कॉट गायले. लोकांत एका रेकॉर्ड कंपनीचे प्रमुख सीमोर स्टाइन बसले होते. तो आवाज ऐकून त्यांनी स्कॉट यांच्याशी करार केला. १९९२ मध्ये स्कॉट यांचा ‘ऑल द वे’ हा संग्रह आला, त्याला ग्रॅमीचे नामांकन मिळाले आणि सदुसष्टाव्या वर्षी त्या गायकाचे दुसरे आयुष्य सुरू झाले. जे काम पत्राने झाले नाही, ते पत्र लिहिणाऱ्याच्या अंत्ययात्रेने केले. त्याच १९९२ साली डॉक पोमस यांचे नाव ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये कोरले गेले.

आपल्यासाठी

मुलांनो, या चरित्रातून अपंग माणूसही मोठा होतो एवढाच बोध घेऊ नका. तो बोध खरा आहे, पण अपुरा आहे. डॉक पोमस मोठे झाले कारण आयुष्यभर ते दुसऱ्यासाठी जागा करत राहिले. शिकाऊ मुलाला त्यांनी निम्मा वाटा दिला, आपल्या नवरीला नाचू दिले आणि विसरलेल्या गायकाला श्रोते मिळवून दिले. यापुढे शाळेच्या कार्यक्रमात निवेदन करणाऱ्यांनी गाण्याआधी गीतकाराचे नाव अवश्य सांगावे. नाव माहीत नसेल तर शोधून काढावे.

आणि विश्वस्त मंडळींना एक नम्र विनंती. आपल्या सभागृहाच्या रंगमंचाला सहा पायऱ्या आहेत, उतार नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा शाळेची वास्तू सर्वांना वापरता यावी असे सांगतो. पण कायदा नसता तरी आम्ही हेच मागितले असते. कुबड्यांवरच्या एका मुलाला क्लबच्या मालकाने गा म्हटले आणि त्यातून एवढी गाणी जगाला मिळाली. आपल्या शाळेतले एखादे मूल केवळ पायऱ्यांमुळे खाली बसून राहू नये. पुढच्या संमेलनापूर्वी तो उतार बांधून व्हावा, अशी आम्ही आशा करतो.